लांडगा, कळप आणि कायदा

(शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांसाठी भाषण)



आजचा विषय आहे लांडगा. भूम, वाशी, परांडा, कळंब, तुळजापूर या भागात ज्याच्या दारात चार शेळ्या आहेत, त्याला लांडगा कोण ते सांगावं लागत नाही. पण एक सवाल आहे, तो पारावर बोलणं निघालं की हमखास येतो. "वाघाचं समजलं, पण या लांडग्याला कायद्याचं संरक्षण कशाला? ते काढून टाका, आमचा आम्ही बंदोबस्त करतो." हा सवाल रागातून येतो, आणि राग खोटा नाही. म्हणून त्याला हसण्यावारी न नेता आज त्याचा नीट विचार करू. संरक्षण काढलं तर आपल्या पदरात काय पडेल, आणि ते आहे तोवर आपला कळप कसा वाचवायचा, भरपाई कशी मिळवायची, या दोन्ही बाजू पाहू.

नुकसान कोणाचं होतं

आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नावानं ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी सगळ्या देशात नावाजलेली आहे. काळी, काटक, कमी चाऱ्यात भागवणारी, आणि बऱ्याचदा जुळी करडं देणारी. जिथं पाऊस भरवशाचा नाही तिथं शेळी ही गरिबाची ठेव असते. सोयाबीन गेलं, ज्वारी गेली, तरी दोन बोकड विकून घरचं लग्न निघतं, पोराची फी भरली जाते, दवाखाना होतो. ज्याच्याकडे पन्नास एकर आहे त्याची शेळी लांडगा सहसा नेत नाही. तो नेतो भूमिहीनाची, विधवा बाईची, आणि माळोमाळ फिरणाऱ्या धनगराची. दहा शेळ्यांतल्या दोन गाभण शेळ्या एका रात्रीत गेल्या तर त्या घराचं अर्धं वर्ष गेलं. हे शहरात बसून कळत नाही. लांडगा वाचला पाहिजे असं म्हणणाऱ्यानं आधी हे मान्य केलं पाहिजे.

लांडगा आहे कसा

आता जनावराची ओळख. आपला लांडगा गर्द जंगलात राहणारा नाही. तो उघड्या माळावरचा, गवताचा, ओढ्याकाठच्या झुडपांचा प्राणी. वजन साधारण अठरा ते पंचवीस किलो. नर-मादी आणि त्यांची पिल्लं मिळून त्यांचं कुटुंब असतं. एका कुटुंबाला फिरायला शे-दोनशे चौरस किलोमीटर मुलूख लागतो. आपलं येडशीचं रामलिंगघाट अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं, त्याचं क्षेत्र आहे सुमारे २२ चौरस किलोमीटर. म्हणजे लांडग्याचं एक कुटुंबसुद्धा त्या हद्दीत मावणार नाही. "तुमचे लांडगे तुमच्या अभयारण्यात ठेवा" असं वनखात्याला सांगून उपयोग नाही. तो आपल्या गायरानात, पडीत आणि तुरीच्या रानातच राहणार. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळरानावरही हेच दिसलं. तिथल्या लांडग्यांचा अभ्यासकांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे.

पूर्वी त्याला खायला काळवीट, ससे भरपूर होते. माळ नांगरले गेले, गायरानं आखडली, तशी रानातली शिकार कमी झाली आणि लांडग्याची नजर कळपावर गेली. तरी तो आजही ससे, उंदीर, हरणांची पाडसं, रानडुकराची पिल्लं खातो. हरणं आणि डुकरं आपल्या पिकाचं काय करतात ते सांगायला नको. सगळी डुकरं लांडगा संपवील असं कोणी म्हणू नये. पण त्यांच्यावर दात ठेवणारे जे थोडे प्राणी माळावर उरलेत, त्यातला हा एक आहे, एवढं खरं.

कायदा काय सांगतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्याला मारणं, सापळा लावणं, विष घालणं, गुहेत धूर करून पिल्लं मारणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २५ हजार रुपये दंड.

काही जण विचारतात, मग बिहारात रोही आणि रानडुकरं मारायला परवानगी कशी मिळाली? तर २०१५-१६ मध्ये केंद्र सरकारनं काही राज्यांत, ठराविक मुदतीसाठी, रोही, रानडुक्कर, माकड यांना उपद्रवी ठरवलं होतं. पण कायद्यातलं ते कलम पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला लागू होत नाही. म्हणून लांडग्याला उपद्रवी ठरवायचं तर आधी त्याला पहिल्या अनुसूचीतून काढावं लागेल, आणि तो अधिकार दिल्लीचा आहे. बिबट्याबाबत अशी मागणी २०२५ मध्ये आपल्या राज्यात जोरात पुढे आली, ती तुम्ही ऐकली असेल.

मात्र कायदा माणसाला उघड्यावर टाकत नाही. एखादा लांडगा माणसाच्या जिवाला धोकादायक झाला, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी हुकूम काढून त्याला पकडायला, आणि पकडणं शक्य नसेल तर मारायलाही परवानगी देऊ शकतात. उत्तर प्रदेशात बहराइच भागात २०२४ मध्ये लांडग्यांनी लहान मुलं नेली, तेव्हा सरकारी पथकांनी मोहीम काढली. तसंच, लांडगा अंगावर आला आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना तो मेला, तर तो गुन्हा धरला जात नाही. पण शेळी नेली म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्या मागावर जाणं, ही वेगळी गोष्ट. ती गुन्ह्यात बसते.

परदेशात काय झालं

ही मागणी आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत पशुपालकांनी पूर्वी लांडगे जवळजवळ संपवले होते. १९९५-९६ मध्ये सरकारनं कॅनडातून लांडगे आणून यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात सोडले. ते वाढले, आणि पशुपालकांनी संरक्षण काढा म्हणून जोर लावला. २०११ मध्ये तिथल्या संसदेनं आयडाहो आणि मोंटाना या राज्यांतलं केंद्राचं संरक्षण काढलं. पुढे जानेवारी २०२१ पासून जवळपास सगळ्या देशातलं काढलं, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये कोर्टानं बऱ्याच राज्यांत ते पुन्हा लागू केलं. युरोपात डिसेंबर २०२४ मध्ये बर्न कराराखाली लांडग्याचा दर्जा एक पायरी खाली आणला, आणि २०२५ मध्ये युरोपीय संघानंही आपला नियम बदलला.

आता तुम्ही म्हणाल, त्यांनी केलं तर आपण का नाही? इथं दोन फरक ध्यानात घ्या. पहिला फरक संख्येचा. युरोपीय संघात लांडगे वीस हजारांवर गेले, मग दर्जा खाली आणला. आपल्या सबंध हिंदुस्थानात लांडगे आहेत सुमारे तीन हजार. वाघ आज त्याहून जास्त आहेत. २०२५ मध्ये जगातल्या निसर्ग संवर्धन संघानं भारतीय लांडग्याचा वेगळा हिशेब मांडून त्याला धोक्यातल्या प्राण्यांत धरलं. दुसरा फरक राखणीचा. अमेरिकेत गुरं डोंगरात सोडून देतात, कित्येक दिवस तिकडे माणूस फिरकत नाही. आपल्याकडे कळपाबरोबर राखण्या असतो, कुत्रा असतो, रात्री कळप दाराशी किंवा वाड्यात असतो. म्हणजे जे हत्यार त्यांच्याजवळ नाही ते आपल्याजवळ आहे. आपल्या धनगर बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या लांडग्याच्या मुलखात मेंढरं राखली, ती बंदुकीच्या जोरावर राखली नाहीत.

संरक्षण काढलं तर

समजा उद्या संरक्षण काढलं. गेलेली शेळी परत येणार नाही. उलट जो प्राणी संरक्षित नाही, त्यानं केलेल्या नुकसानीची भरपाई सरकार कशाला देईल, हा प्रश्न उभा राहील. आज पंचनामा मागण्याचा जो हक्क आहे त्याचीच मुळं सैल होतील. शिवाय एका माळावरचं कुटुंब मारलं की मोकळा झालेला मुलूख दुसरे लांडगे धरतात. आणि विष घातलं तर ते लांडगा-कुत्रा ओळखत नाही. त्यात राखणीचे कुत्रे मरतात, घारी मरतात, आणि ते ओढ्याच्या पाण्यात उतरलं तर आपलीच जनावरं पाणी प्यायला येतात.

आणखी एक गोष्ट. लांडग्याच्या नावावर खपणारं बरंच नुकसान मोकाट कुत्र्यांचं असतं. त्यांना पहिली अनुसूची नाही, तरी ती संपलेली नाहीत. कायदा काढल्यानं कळप सुरक्षित होतो असं असतं, तर कुत्र्यांचा त्रास कधीच थांबला असता.

कोणी मारलं हे कसं ओळखावं

लांडगा बहुधा गळ्याला धरतो आणि लहान जनावर असेल तर उचलून लांब नेतो. मोकाट कुत्री पाठीमागून मांड्या, शेपटीकडचा भाग फाडतात, एकाच वेळी अनेक जनावरं जखमी करतात आणि न खाता सोडून जातात. बिबट्या गळा धरून ओढत झुडपात नेतो किंवा झाडावर चढवतो. तरस बहुतेक मेलेलंच खातो, आळ मात्र त्याच्यावरही येतो. या खुणा दर वेळी तंतोतंत लागू पडतील असं नाही, म्हणून पावलांचे ठसे मोडू देऊ नका. त्यावर घमेलं किंवा टोपली उपडी घालून ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ शेकडो किलोमीटर चालून आपल्या येडशी भागात आला होता. तेव्हा जनावर कोणतं हे कॅमेऱ्यामुळे आणि खुणांमुळेच नक्की झालं. अंदाजावर बोलू नये, ते यासाठी.

कळप राखण्याच्या गोष्टी

१. रात्रीचा वाडा पक्का करावा. शेळ्यांचा गोठा चारही बाजूंनी बंद, दाराला फट नसलेला असावा. उघड्यावर असाल तर वाघर म्हणजे जाळी ताणून लावावी, आणि तिच्या बाहेरून वेड्या बाभळीच्या काट्यांचा फेर छातीइतका उंच घालावा. जाळीचा खालचा काठ दगडांनी दाबावा. लांडगा वरून उडी मारण्याआधी खालून वाट शोधतो.

२. करडं, कोकरं डालग्याखाली किंवा वेगळ्या खोपीत ठेवावीत. सर्वांत जास्त जातात ती तीच. व्यायला झालेली शेळी माळावर नेऊ नये, घरी बांधून चारा द्यावा.

३. दिवस उगवताना आणि मावळताना जास्त सावध राहावे. तूर, ज्वारी, ऊस उंच वाढला की लांडग्याला दबा धरायला जागा मिळते. अशा रानाच्या कडेनं कळप नेताना माणूस पिकाच्या बाजूला चालावा, कळप मोकळ्या बाजूला ठेवावा.

४. लांडगा जोडीनं येतो. एक समोर दिसतो, कुत्रा आणि राखण्या त्याच्यामागे धावतात, तेवढ्यात दुसरा मागून कोकरू उचलतो. म्हणून सगळ्यांनी एकाच बाजूला धावू नये. एकानं कळपाजवळच उभं राहावं. लंगडं, आजारी, मागे राहिलेलं जनावर पुढे घ्यावं.

५. कुत्रे दोन तरी असावेत. त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधावा, कारण लांडगा गळाच धरतो. कुत्र्यांना पिसाळीची लस दरवर्षी टोचून घ्यावी. कुत्र्यांचे रोग माळावर लांडग्यांना लागतात आणि तिकडून पुन्हा कळपाच्या कुत्र्यांकडे येतात.

६. मेलेलं जनावर गावाच्या कडेला उघड्यावर टाकू नये. खड्ड्यात चुना टाकून पुरावं. उघड्या मढ्यावर मोकाट कुत्री वाढतात आणि लांडग्यालाही वस्तीजवळ यायची सवय लागते.

७. हिवाळ्यात लांडग्यांची पिल्लं होतात आणि उन्हाळ्यापर्यंत त्यांना भरवायचं असतं. या दिवसांत हल्ले वाढू शकतात. ज्या ओढ्यात, बांधाच्या बिळात पिल्लं दिसली, तिथं कळप नेऊ नका आणि पोरांना जाऊ देऊ नका. वनरक्षकाला कळवा.

माणसाला चावा बसला तर

लांडगा एरवी माणसाला टाळतो. भर दिवसा गावात शिरून दिसेल त्याला चावत सुटला, तर तो पिसाळलेला असण्याचा संभव मोठा. चावा बसल्याबरोबर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावी. मिरची, चुना, हळद, तंबाखू काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी, आणि जखम खोल असेल तर लशीबरोबर दिलं जाणारं इंजेक्शन मागून घ्यावं. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही. पिसाळी एकदा अंगात भिनली की औषध नाही.

भरपाई कशी मिळवावी

२०२२ च्या शासन निर्णयानुसार वन्यप्राण्यानं शेळी-मेंढी मारली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम ठरली. गाय, बैल, म्हैस असेल तर ७५ टक्के किंवा ७० हजार, यांतली कमी. पुढे दरात बदल झाला असेल तर तो वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावा. पैसे अडतात ते बहुतेक वेळा पुढच्या चुकांमुळे:

• घटना घडल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवलेलं नसतं. फोनसाठी वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. फोन केला तरी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

• पंचनाम्याआधी मेलेलं जनावर हलवलेलं, सोललेलं किंवा विकलेलं असतं. ते जागेवरच झाकून ठेवावं.

• जनावराच्या कानात बिल्ला नसतो. जून २०२४ पासून बारा अंकी बिल्ल्याशिवाय वन्यप्राण्याच्या हल्ल्याची भरपाई न देण्याचा नियम राज्यानं केला आहे. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन शेळ्या-मेंढ्यांना बिल्ले मारून घ्या. काम फुकट चुकवलेलं महागात पडतं.

• पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा किमतीचा दाखला, सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्यासमोरचा पंचनामा, आधार कार्डाची आणि बँक पुस्तकाची प्रत, यांतलं काहीतरी राहून जातं. सगळी कागदं एका पिशवीत तयार ठेवावीत.

मेंढरं घेऊन परमुलखात गेलेल्या बांधवांनीही घाबरू नये. ज्या गावच्या शिवारात घटना घडली तिथल्याच वन कर्मचाऱ्याला कळवायचं असतं. ज्याच्या शेतात मेंढरं बसवली आहेत त्या शेतकऱ्यानं या कामी त्यांच्याबरोबर उभं राहावं. लेंडीखताचा फायदा आपण घेतो, तर साक्षीला एक दिवस देणं आपल्याला जड नसावं.

मग मागायचं काय

मंडळी, गाऱ्हाणं रास्त आहे. फक्त ते योग्य दारावर नेलं पाहिजे. लांडगा कोकरू उचलून घेऊन गेला तर मढं मिळत नाही, आणि मढं नाही म्हणून भरपाई अडते. अशा वेळी रक्ताचा माग, ठसे आणि साक्षीदार यांवर केस मानली जावी, हे मागा. बाजारभाव ठरवताना गाभण शेळीचा आणि जातिवंत बोकडाचा खरा भाव धरला जावा, हे मागा. पैसे महिन्या-दोन महिन्यांत खात्यात यावेत, हे मागा. फिरत्या कळपांना जाळ्या, बॅटऱ्या आणि कुत्र्यांना लस गावात मिळावी, हे मागा. गायरान राखलं जावं, हे तर ग्रामसभेत ठराव करून मागा, कारण माळ उरला तर शेळीलाही चरायला मिळेल आणि लांडग्यालाही ससा मिळेल.

आपली जुनी धनगर मंडळी म्हणत आली की लांडगा आपला वाटा घेऊन जातो. हा मनाचा मोठेपणा आहे. पण तो वाटा एकट्या गरिबाच्या कळपातूनच जावा, हा न्याय नव्हे. लांडगा सगळ्या देशाचा म्हणून राखायचा असेल, तर त्याच्या जेवणाचा खर्चही सगळ्या देशानं सोसला पाहिजे. हे ठणकावून सांगायचा आपल्याला हक्क आहे. आणि तो हक्क वापरायचा तर आपला कागद चोख हवा, कानात बिल्ला हवा आणि वाडा पक्का हवा.

आजच संध्याकाळी कळप आत घेताना वाड्याभोवती एक फेरी मारा. कुठं फट दिसली तर रात्र व्हायच्या आत बुजवा.